ढेकूण, गरम हवा आणि एक मसला



कोकणातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या कमिटीवर काम करतात. वसतिगृहात ३६ मुली आहेत, लोखंडी खाटा आहेत, कापसाच्या गाद्या आहेत, आणि गेल्या पावसाळ्यापासून ढेकूण आहेत. दोनदा फवारणी झाली. पंधरा-वीस दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आता कमिटीसमोर दोन प्रस्ताव आहेत. मुंबईची एक कंपनी म्हणते, आम्ही खोल्या यंत्राने तापवू, औषध काही वापरणार नाही. गावातला एक माणूस म्हणतो, एवढा खर्च कशाला, धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवून दार दोन दिवस बंद करा, एकही ढेकूण राहणार नाही.

कमिटीतले एक बुजुर्ग हाजीसाहेब पहिल्या प्रस्तावावर अडून बसले आहेत. त्यांचे म्हणणे, आगीने जीव मारायला आपल्याकडे मनाई आहे. मुलींच्या वसतिगृहात आपल्या हातून असे काम नको. त्यामुळे कमिटी गोळ्यांकडे झुकते आहे. भगिनींनी आम्हाला दोन गोष्टी विचारल्या आहेत. गरम हवेने ढेकूण खरेच मरतात का? आणि मरत असतील तर हे आगीने मारणे झाले का?

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण त्यांनी न विचारलेला तिसराही एक प्रश्न आहे, गोळ्यांचा, आणि आमच्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. त्यावर येऊच.

आधी ढेकणाविषयी थोडे. उर्दूत त्याला खटमल म्हणतात. नावातच खाट आहे. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुरीच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस. त्याला पंख नसतात. तो उडत नाही, पिसवेसारखी उडीही मारत नाही, फक्त चालतो. दिवसा गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यात, लोखंडी पाइपच्या उघड्या तोंडात, विजेच्या बटणांच्या पाटीमागे, भिंतीच्या भेगेत बसतो. रात्री बाहेर येऊन पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि परत जातो. मादी रोज थोडी थोडी अंडी घालत राहते. आपल्याकडच्या उबदार हवेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. अंड्यांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून फवारणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी नवी पिढी दिसायला लागते. पत्रातला "पंधरा-वीस दिवस बरे गेले" हा अनुभव म्हणजे नेमके हेच. शिवाय अन्नाशिवाय ढेकूण कित्येक महिने जगू शकतो. खोली सुट्टीत बंद ठेवली म्हणून तो मरत नाही.

औषधाला तो दाद का देत नाही, याचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि अमेरिकेत-युरोपात ढेकूण जवळजवळ नाहीसे झाले. पण १९४७ सालीच हवाई बेटावर पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. पुढे नवी औषधे आली, त्यांनाही ते सरावले. १९९०च्या दशकाच्या शेवटी श्रीमंत देशांतही ते परत आले. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये आणि २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गदारोळ झाला, तो वाचकांना आठवत असेल. मोठमोठ्या हॉटेलांत, सिनेमागृहांत, आगगाड्यांत ते निघाले.

हे सांगायचे कारण एवढेच, की ढेकूण होणे म्हणजे घाणेरडेपणा, ही समजूत चुकीची आहे. अस्वच्छतेतून झुरळ येते, माशी येते. ढेकूण सामानातून येतो. बॅगेतून, वळकटीतून, जुन्या बाजारातून आणलेल्या खाटेतून. वसतिगृहात कोण्या मुलीच्या अंगावर रांगेने उठलेले लाल चट्टे दिसले की बाकीच्या तिच्यापासून दूर बसतात, आणि ती बिचारी सांगायचेच टाळते. मग महिनाभर कोणाला पत्ता लागत नाही आणि तेवढ्यात चार खाटांचे चाळीस होतात. वर्गात पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. रात्रभर खाजवत जागी असेल. ढेकणाच्या चाव्यातून रोग पसरतो असे आजवर सिद्ध झालेले नाही, पण झोपेचे नुकसान आणि मनातली शरम हे काय कमी आहे?

आता गरम हवा.

उष्णतेने किडे मारणे आपल्या आयाबहिणींना नवे नाही. रवा आणला की भाजून डब्यात भरतात, तो कशासाठी? एप्रिल-मेमध्ये वर्षाच्या गव्हाला गच्चीवर ऊन देतात, डाळी उन्हात पसरतात, गाद्या-गोधड्या वाळत घालतात. पूर्वी बाजेवर उकळते पाणी ओतायचे, तेही यासाठीच. इमारत तापवणारी यंत्रे हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि मोजून करतात.

याची सुरुवात पिठाच्या गिरण्यांपासून झाली. अमेरिकेत कॅन्सस हे गव्हाचे राज्य. तिथल्या कृषी महाविद्यालयातले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज डीन यांनी १९११ साली, वाफेच्या नळांनी अख्खी गिरणी तापवून पिठातले किडे मारता येतात, हे लिहून प्रसिद्ध केले. पुढे विषारी वायू स्वस्त आणि सोपे झाले आणि गिरणीवाले तिकडे वळले. त्यात मिथाइल ब्रोमाइड नावाचा वायू फार वापरला जाई. हा वायू वर जाऊन ओझोनच्या थराला खातो असे कळल्यावर, १९८७च्या माँट्रियल कराराच्या यादीत १९९२ साली त्याचे नाव घातले गेले. श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्यांनी २०१५ पर्यंत, काही सवलती वगळता, त्याचा वापर थांबवायचा असे ठरले. तेव्हा गिरण्यांना पुन्हा उष्णता आठवली. त्याच कॅन्ससच्या विद्यापीठात या विषयावर ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले ते प्राध्यापक भद्रिराजू सुब्रमण्यम मूळचे आपल्याच देशातले आहेत.

गिरणी तापवतात ती अशी. आधी सगळे पीठ काढून, झाडून घेतात, कारण पिठाचा ढीग आतल्या किड्याला रजईसारखा जपतो. मग हवा ताशी तीन ते पाच अंशांनी हळूहळू चढवतात. एकदम चढवली तर लाकूड, पट्टे, यंत्रे वाकतात. ५० ते ६० अंश सेल्सिअस गाठले की तिथेच धरून ठेवतात. एकूण काम २४ ते ३६ तासांचे. मोठे पंखे गरम हवा फिरवत राहतात, नाहीतर वर भट्टी आणि खाली गारवा असे होते. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याची नुकतीच फुटलेली बारीक अळी उष्णतेला सगळ्यात चिवट असते, म्हणून हिशेब तिच्यावरून करतात.

गिरणीवरून हीच रीत हॉटेलांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत ढेकणांसाठी आली. ढेकणांचे आकडेही मोजलेले आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात २०११ साली झालेल्या कामात असे दिसले की ४५ अंशांवर मोठा ढेकूण मरायला सुमारे दीड तास लागतो, पण अंडे मरायला सात तास. ४८ अंशांवर अंड्याला सव्वा तासाच्या आसपास. त्याच्या वर गेले की काम मिनिटांवर येते. म्हणून कंपन्या खोली ५५-६० अंशांपर्यंत नेतात आणि काही तास धरतात. उष्णतेने किड्याच्या अंगावरचे मेणाचे पातळ आवरण बिघडते, ओलावा उडतो, शरीरातली प्रथिने निकामी होतात. आणि उष्णतेला सरावलेला ढेकूण अजून तरी औषधाला सरावलेल्या ढेकणासारखा पुढे आलेला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, आमच्याकडे मे महिन्यात तसाच ४५ अंश पारा जातो, मग ढेकूण का मरत नाहीत? कारण ते ४५ अंश अंगणातल्या हवेचे असतात. गादीच्या पोटात, भिंतीच्या भेगेत तेवढे पोहोचत नाही, आणि ढेकणाला चालता येते. गादी उन्हात टाकली की तो सावलीच्या बाजूला किंवा आत सरकतो. संध्याकाळी आपण गादी आणि ढेकूण दोन्ही घरात आणतो.

खोली तापवतानाही नेमकी हीच मेख आहे. खोलीच्या मधल्या हवेचा आकडा पाहून उपयोग नाही. गादीखाली, कोपऱ्यात, जमीन आणि भिंत मिळतात त्या सांदीत किती अंश झाले, ते पाहावे लागते. चांगली कंपनी अशा दहा-बारा ठिकाणी तारेच्या टोकाचे तापमापक ठेवते आणि सगळ्यात थंड जागा ५० च्या वर गेल्यावरच घड्याळ लावते. परदेशातल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीच्या आणि पातळ पत्र्यासारख्या बोर्डाच्या असतात. आपल्या विटा आणि सिमेंटचा स्लॅब उष्णता पिऊन घेतात. म्हणून इथे वेळ जास्त लागतो आणि वीजही जास्त लागते. घरच्या मीटरवर हे काम होत नाही, कंपनी स्वतःचा जनरेटर आणते का ते विचारावे. भिंतीतून शेजारच्या खोलीत जाणाऱ्या भेगा, पाइपची भोके आधी बुजवावी लागतात, नाहीतर ढेकूण उष्णता वाढताच पलीकडे हिजरत करतात. आणि एक खोली आज, दुसरी पुढच्या महिन्यात, असे करण्याला काही अर्थ नाही. एका मजल्याचे काम एकदम व्हावे.

मोठ्या इमारतीत छताला आग विझवणारे पाण्याचे फवारे असतात. त्यांतले नेहमीचे लाल काचेचे फवारे ६८ अंशांना फुटतात, आणि छताजवळची हवा नेहमी जास्त गरम असते. हॉटेलवाल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. खोलीतून गॅसचा सिलिंडर, लायटर, अत्तराच्या आणि डासांच्या फवाऱ्याच्या बाटल्या, मोबाइल, बॅटऱ्या, औषधे, मेणबत्त्या हे सगळे आधी बाहेर काढायचे. कपडे, गाद्या, बॅगा मात्र आतच ठेवायच्या, सैल पसरून.

हे शेवटचे वाक्य कमिटीच्या भगिनींनी दोनदा वाचावे. वसतिगृहाचे काम साहजिकच सुट्टीत निघते, आणि पुरुष कामगार येणार असल्याने मुली नसताना ते झालेले बरेही. पण मुली आपापल्या बॅगा घेऊन ईदला घरी गेल्या, तर ढेकूण ३६ घरांत जातील, आणि सुट्टीनंतर तापवून स्वच्छ केलेल्या खोलीत परतही येतील. मुलींनी घरी जाताना दोन-चार धुतलेले कपडे न्यावेत. बॅग आणि अंथरूण खोलीतच राहावे.

आता हाजीसाहेबांचा मसला. त्यांची शंका उगाच नाही, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये एका पूर्वीच्या पैगंबरांचा प्रसंग आहे. त्यांना मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळायला लावले. तेव्हा अल्लाहतआलाकडून त्यांना विचारणा झाली, की चावली एक, मग सगळ्या जमातीला का जाळले? सुनन अबू दाऊदमध्ये असेही आहे की प्रवासात काही सहाबांनी मुंग्यांची वस्ती जाळली, तेव्हा प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी ते नापसंत केले आणि आगीने शिक्षा देणे हा फक्त आगीच्या मालकाचा अधिकार आहे असे सांगितले. हाजीसाहेबांच्या मनात हेच आहे.

दुसऱ्या बाजूला, त्रास देणाऱ्या जिवाला मारण्याची परवानगी आहे यात वाद नाही. उंदीर, विंचू यांच्यासारख्यांना तर हरमच्या हद्दीतही मारता येते असे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे प्रश्न ढेकूण मारण्याचा नाही, कशाने मारायचे एवढाच आहे.

गरम हवा म्हणजे आग का? फिकहच्या पुस्तकांत याच्या जवळचे मसले सापडतात. रेशमाचे कोश उन्हात ठेवून आतला किडा मारणे हंबली पुस्तकांत जायज लिहिले आहे. गांधीलमाश्यांना धूर देणेही. खाटेवर उकळते पाणी टाकून खटमल मारावेत का, हा प्रश्न आपल्याकडच्या उलमांना जुना आहे, आणि त्यांचे उत्तर साधारण असे असते की सोपा दुसरा उपाय असेल तर तो करावा, नसेल आणि त्रास होत असेल तर हरकत नाही. विजेच्या जाळीवर माशा मरतात त्या यंत्राबद्दल सौदी अरबचे शेख मुहम्मद बिन सालेह अल-उसैमीन (मृत्यू २००१) यांना विचारले गेले होते. त्यांनी ते जाळणे मानले नाही, विजेचा धक्का मानला, आणि परवानगी दिली. खोली तापवण्यात तर ज्वाला किड्यापर्यंत जातच नाही. हवा असते, ५५-६० अंशांची, म्हणजे उकळत्या पाण्याच्या निम्म्याहून थोडी अधिक गरम. किडा जळत नाही, वाळून मरतो.

आम्ही मुफ्ती नाही, शाळेत शिकवतो. शेवटचा शब्द तुमच्या भागातल्या मुफ्तीसाहेबांचा. पण त्यांच्याकडे प्रश्न नेताना पूर्ण न्यावा. "ढेकूण आगीने मारू का?" असे विचारले तर उत्तर एक येईल. यंत्र बाहेर आहे, आत फक्त गरम हवा येते, हवा इतक्या अंशांची असते, दोनदा फवारणी करून उपयोग झाला नाही, मुलींची झोप जाते आहे, आणि आमच्यापुढे दुसरा पर्याय विषारी वायूचा आहे, असे सगळे लिहून विचारावे. हा दुसरा पर्याय प्रश्नात नाही आला तर मुफ्तीसाहेबांना मसला अर्धाच दिसेल.

आता त्या गोळ्यांविषयी.

धान्यात ठेवायच्या ज्या राखाडी गोळ्या बाजारात मिळतात, त्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. किडे त्यानेच मरतात, आणि माणसेही. कोकणातल्या दमट हवेत तो आणखी वेगाने सुटतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो, दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सांदीतून, पाइपच्या भोकातून शेजारच्या खोलीत, खालच्या मजल्यावर सहज जातो. दार बंद केले म्हणजे वायू बंद झाला असे होत नाही. कधी कुजलेल्या माशासारखा किंवा लसणासारखा वास येतो, कधी येत नाही, त्यामुळे वासावर विसंबता येत नाही. पोटात मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप अशी लक्षणे दिसतात आणि घरचे लोक समजतात, बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहू शकतात.

आपल्या देशात हे औषध दुकानातून कोणालाही विकायची परवानगीच नाही. सरकारी गोदामे आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनी, जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायचे ते आहे. तरीही ते खेड्यापाड्यांत पुडीत मिळते हे आपण सगळे जाणतो. पहिल्यांदा शेजारच्या बंद खोलीत ठेवलेल्या गोळ्यांनी पलीकडची लहान मुले झोपेत गेल्याच्या बातम्या आखाती देशांतून आल्या आहेत, आपल्याकडूनही आल्या आहेत. आपल्या वाचकांत दुबई, शारजा, कुवेतला नोकरी करणारे पुष्कळ आहेत, एका फ्लॅटमध्ये सहा-सात जण राहतात, ढेकूण तिथला रोजचा विषय आहे. त्यांनी घरच्यांना फोनवर हे वाचून दाखवायला सांगावे. शेजारच्या फ्लॅटला कुलूप आणि दाराच्या कडेने चिकटपट्टी लावलेली दिसली तर लाजू नका, वॉचमनला विचारा, आणि उत्तर नीट मिळेपर्यंत मुलांना तिथे झोपवू नका.

स्वतः नुकसान सोसायचे नाही आणि दुसऱ्याला पोहोचवायचे नाही, या अर्थाची प्रसिद्ध हदीस आहे, आणि फिकहचे कित्येक नियम तिच्यावर उभे आहेत. शेजाऱ्याच्या हक्काविषयी तर वाचकांना आम्ही काय सांगावे? हाजीसाहेबांनी ढेकणांच्या जिवाबद्दल एवढा विचार केला, ही चांगली गोष्ट आहे. आमची त्यांना अदबीने विनंती आहे की तेवढाच विचार भिंतीपलीकडे झोपणाऱ्या स्वयंपाकीण बाईंचा आणि त्यांच्या मुलांचा करावा. वसतिगृहात गोळ्या नकोत. कोणी फुकट ठेवून देतो म्हणाला तरी नकोत.

उष्णतेलाही मर्यादा आहेत, आणि कंपनीचा माणूस त्या सांगणार नाही. गरम हवेचा परिणाम मागे उरत नाही. आज खोली स्वच्छ झाली आणि परवा कोणी ढेकूण असलेली वळकटी आणली, तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नव्या मुलीचे सामान खोलीत नेण्याआधी तपासायची रीत पाडावी, सगळ्यांसाठी सारखी, म्हणजे कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटणार नाही. जमातीत निघणाऱ्यांची बिस्तरे, मेहमानांच्या गाद्या, गुंडाळून ठेवलेली जानमाजे हेही पाहावे.

आणि एक गोष्ट बजावून सांगतो. हे काम घरी, स्वतः करायला जाऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवणे, गॅसची शेगडी चालू ठेवणे, दोन-तीन हीटर एका बटणावर लावणे, यात माणसे दगावतात. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो, आणि जुन्या वायरिंगला असा भार पेलत नाही. स्पिरिट किंवा रॉकेल खाटेला चोळून घर पेटल्याच्या घटनाही झाल्या आहेत.

घरात थोडे ढेकूण असतील तर घरचे उपाय पुरतात, चिकाटी मात्र हवी. चादरी, उशांचे अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, किंवा कपडे वाळवणाऱ्या यंत्रात कडक गरमीवर अर्धा तास फिरवावेत. लोखंडी खाट अंगणात नेऊन सांध्यांत आणि पाइपच्या तोंडात उकळते पाणी ओतावे, मग पाइपची तोंडे बुजवून टाकावीत. गादीच्या शिवणीवरून वाफेचे यंत्र अगदी सावकाश फिरवावे. भरभर फिरवले तर ढेकूण नुसता भिजतो. मग गादीला चारी बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घालावी. रात्री झोपण्यापूर्वी अंथरूण झटकायची सुन्नत आपल्याकडे आहेच. झटकताना शिवणीकडेही नजर टाकावी.

कुरआन शरीफच्या प्रती आणि दीनी किताबे यांच्याबद्दल भगिनींनी पत्राच्या शेवटी वेगळे विचारले आहे, कारण खाटेच्या उशाशी रेहल आणि किताबे असतात, आणि ढेकूण पुस्तकाच्या पाठीतही बसतो. किताबांना पाणी, वाफ, फवारा यांतले काही लावू नये. गरम खोलीत ठेवल्या तर बांधणीचा गोंद सैल होण्याची भीती असते. त्यापेक्षा थंडीचा उपाय करावा. प्रत अदबीने पाक कापडात गुंडाळावी, वर प्लास्टिकची पिशवी घालून हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवावी. साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी असेलच असे नाही, तिथे तापमापक ठेवून बघावे. फ्रीजरमध्ये मांसमच्छी असेल तर ती आधी काढून तो धुवून घ्यावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, पूर्ण एक दिवस तशीच ठेवावी, नाहीतर पानांना दव धरते. परदेशातली ग्रंथालये पुस्तकांतली कीड अशीच मारतात.

काम झाल्यावर कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: कोणत्या जागी किती अंश किती वेळ होते त्याचा कागद, आणि महिनाभरात ढेकूण दिसले तर पुन्हा येण्याची हमी. मग दहा दिवसांनी आणि वीस दिवसांनी रात्री बॅटरी घेऊन प्रत्येक खाट बघावी. शिवणीवर बॉलपेनने ठिपके दिल्यासारखे काळे डाग नवे दिसतात का ते पाहावे. त्यासाठी आधीचे डाग ओल्या फडक्याने पुसून ठेवावे लागतील. वहीत खाट क्रमांक घालून नोंद ठेवावी. हे काम नववी-दहावीच्या मुली फार चांगले करतात, मोठ्यांपेक्षा बारीक नजरेने. त्यांच्याकडेच वही द्यावी.